‘ताठ बस’ न म्हणता शिकवायचं कसं: अलेक्झांडर पद्धतीचे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. ‘‘मॅडम, तुमचो तो पोक काढूचो कोर्स खंय आसता?’’ मला दर वेळी हसू येतं. आपल्या भाषेत पोक काढणं म्हणजे वाकून बसणं, आणि त्याला कोर्स लागत नाही, मोबाईल पुरतो. विचारणाऱ्याला अर्थातच पोक घालवायचं असतं. त्यातल्या काहींना पुढे जाऊन हे दुसऱ्यांना शिकवायचंही असतं, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी तीन वर्षं परदेशात राहून अलेक्झांडर पद्धत शिकले आणि आता कुडाळ-वेंगुर्ला अशी ये-जा करत ती शिकवते. तुम्ही देवगडात, राजापुरात, गुहागरात बसून या वाटेला लागायचं म्हणत असाल तर पुढचं वाचा.

हे नेमकं काय आहे

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर १८६९ साली टास्मानियात जन्मला. शेक्सपिअरचे उतारे रंगमंचावर म्हणून दाखवणं हा त्याचा व्यवसाय. ऐन कार्यक्रमात त्याचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीने आवाज सुटायचा आणि पुन्हा रंगमंचावर उभं राहिलं की बसायचा. डबलबारीच्या दिवसांत आपल्या भजनी बुवांचं होतं तेच. गुळण्या, ज्येष्ठमध, चार दिवस मौन, आणि पुढच्या बारीला पहिल्याच गजरात घसा पुन्हा धरलेला.

अलेक्झांडरने सरळ विचार केला: गप्प राहिलं की बरं वाटतं आणि म्हणायला लागलं की बिघडतं, तर म्हणताना मीच काहीतरी करत असणार. त्याने आरसे लावले आणि स्वतःला न्याहाळलं. तोंड उघडायच्या आधीच त्याचं डोकं मागे खेचलं जात होतं, स्वरयंत्र खाली दाबलं जात होतं आणि श्वास आवाज करत आत ओढला जात होता. मग डोकं पुढे ठेवायचं ठरवून तो बोलू लागला. त्याला वाटलं आता डोकं पुढे आहे. आरशात ते मागेच होतं.

ही पद्धत या शेवटच्या वाक्यातून निघाली. आपल्याला ‘सरळ’ वाटतं ते सरळ असतंच असं नाही, कारण वर्षानुवर्षांच्या सवयीने मोजपट्टीच वाकडी झालेली असते. म्हणून ‘ताठ बस’ या सूचनेचा उपयोग होत नाही. मूल छाती पुढे काढतं, कंबर आत ओढतं, दोन मिनिटं ताठ राहतं आणि दमून पुन्हा पहिल्यासारखं बसतं. अलेक्झांडरने वेगळा मार्ग धरला. कृती करायची ऊर्मी आली की क्षणभर थांबायचं, मान सैल सोडायची, डोकं वर-पुढे आणि पाठ लांब-रुंद होऊ द्यायची, आणि मग हवं तर ती कृती करायची. १९०४ मध्ये तो लंडनला गेला, १९३१ मध्ये त्याने शिक्षक घडवायचा तीन वर्षांचा वर्ग सुरू केला आणि १९५५ मध्ये तो वारला. आजही शिक्षक घडवण्याचा साचा बराचसा तोच आहे.

‘याला पुरावा काय’ असं विचारणारे भेटतील, आणि त्यांनी विचारावंच. ब्रिटनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत २१ दिवस (मध्यक) दुखत होतं. ज्यांनी अलेक्झांडरचे २४ धडे घेतले त्यांना ३ दिवस. सहाच धडे घेतलेल्यांनाही फरक पडला, पण कमी. हे आकडे पाठ करून ठेवा आणि त्यांच्यापलीकडचं बोलू नका. या पद्धतीने दमा जातो, डोळे सुधारतात असं सांगणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

आधी वर्षभर विद्यार्थी व्हा

उत्साही माणसं इथेच चुकतात. त्यांना थेट शिक्षकाच्या अभ्यासक्रमात नाव घालायचं असतं. चांगल्या शाळा प्रवेशाआधीच विचारतात की तुम्ही स्वतः किती धडे घेतलेत आणि कोणाकडे. तो आकडा वीस-तीसच्या घरात असावा असं मी म्हणेन, आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या शिक्षकांकडे. एक धडा साधारण अर्ध्या ते पाऊण तासाचा असतो. खुर्चीवरून उठणं, बसणं, टेबलावर पडून राहणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की यांना दुसरं काम नाही.

शिक्षक आपल्या दारात नसणार हे गृहीत धरा. कोकणकन्या एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन सलग चार-पाच दिवस रोज एक धडा घ्यायचा आणि परत यायचं, हे महिन्यातून एकदा आल्यागेल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. ऑनलाइन धडेही मिळतात. स्वतःला बघायला शिकण्यापुरते ते ठीक आहेत, पण हाताने मिळतं ते पडद्यातून येत नाही.

मी स्वतः सुरुवातीला एका सात दिवसांच्या शिबिरात पैसे घातले होते. शेवटच्या दिवशी ‘प्रशिक्षक’ म्हणून चकचकीत प्रमाणपत्र मिळालं. शिबिरातून आठवतं ते एवढंच की जेवण चांगलं होतं.

रोज पाठ टेका

दुपारी जेवून ‘जरा पाठ टेकते’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना या पद्धतीचा अर्धा भाग ठाऊक होता. उरलेला अर्धा असा. ओटीवर किंवा पडवीत कोब्यावर चटई टाका. गादी नको. उताणे पडा, गुडघे मुडपून पावलं जमिनीवर, डोक्याखाली दोन-तीन पातळ पुस्तकं. माझ्याकडे जुने दिवाळी अंक आहेत. त्यांची जाडी बरोबर जमते आणि उशीसारखी दबत नाही. डोकं मागे पडू नये आणि हनुवटी गळ्यात रुतू नये इतकीच उंची ठेवा. डोळे उघडे. दहा ते वीस मिनिटं काहीच ‘करायचं’ नाही. मान सैल, पाठ जमिनीवर पसरू दे, गुडघे छताकडे, एवढा विचार तेवढा करायचा.

झोप लागली तर वेळ बदला. माशांचं कालवण आणि भात जेवून लगेच पडलात तर लागणारच. मी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी करते. अभ्यासक्रमाच्या तिन्ही वर्षांत हे रोज करावं लागणार आहे, तेव्हा इथेच कंटाळा आला तर लाखो रुपये वाचले असं समजा.

दोन सांधे ओळखा

शरीररचनेचं जाड पुस्तक आत्ताच नको. दोन ठिकाणं पक्की करा.

पहिलं, डोकं मानेवर कुठे टेकलंय. बहुतेक जण मानेच्या मागे, केसांच्या खाली बोट ठेवतात. खरा सांधा बराच वर, दोन्ही कानांच्या भोकांच्या मधोमध आहे. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो, आणि त्याचा तोल या सांध्याच्या थोडा पुढे पडतो. म्हणजे डोकं आपणहून पुढे कलायला बघतं आणि मानेमागचे स्नायू त्याला धरून ठेवतात. त्या स्नायूंनी गरजेपेक्षा जास्त धरलं की डोकं मागे-खाली दाबलं जातं आणि खालचा सगळा कणा आखडतो.

दुसरं, आपण वाकतो कुठून. इथे मराठीच आपल्याला फसवते. आपण ‘कमरेत वाक’ म्हणतो, पण कमरेत वाकण्यासाठी बिजागरीसारखा सांधा नाही. तो खाली आहे, जांघेजवळ, खुब्यात. ‘कमरेत वाक’ ऐकत मोठं झालेलं माणूस मणक्यातून वाकतं आणि लावणीच्या चिखलात सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसंच वाकलेलं राहतं. अलेक्झांडरच्या शाळांत ‘मंकी’ नावाची एक स्थिती शिकवतात: गुडघे थोडे मुडपलेले, खुब्यातून पुढे कललेलं, पाठ लांब. क्रिकेटमधला यष्टिरक्षक चेंडू पडायच्या आधी जरा उंच उभा असतो तसं काहीसं. तिकडे पहिल्यांदा ते करताना मला आमच्या चोंढ्यातली लावणी आठवली आणि इतकी वर्षं उगाच पाठ मोडून घेतली असं वाटलं.

माणसं बघा, पण भारावू नका

बाहेरून येणारे लोक डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या मासेवालीचं चित्र बघून हरखतात. पाटीखाली ती खरंच सुंदर चालते. चुंबळीवर वजन बरोबर बसलं तर मान दाबून चालताच येत नाही, पाटी पडते. पण तिच्याबरोबर बाजारात जाऊन बसा. पाटी उतरली की ती विळीवर सुरमई कापत, मान खाली घालून, चार-चार तास गिऱ्हाईकांशी भांडत असते. संध्याकाळी तिची मान दुखते. ती दुखते म्हणून ती तुमच्याकडे येईल, पाटीखालचं चालणं दाखवायला येणार नाही. एकाच शरीराची ही दोन्ही रूपं बघता आली पाहिजेत.

बघायला जागा भरपूर आहेत. शिमग्यात पालखी खांद्यावर नाचवणारे, पाखाडीवरून हंडा घेऊन उतरणाऱ्या बायका, एसटीचा ड्रायव्हर, झेल्याने आंबे उतरवताना तासन्‌तास मान मागे टाकून वर बघणारा गडी, दशावतारात रात्रभर मुकुट सांभाळणारा राजा. एक वही ठेवा. ‘वाईट उभा आहे’ असलं काही लिहू नका. ‘बोलायच्या आधी डोकं मागे गेलं, मग खांदे वर’ असं लिहा. आणि आठवड्यातून एकदा कोणालातरी तुमचा मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावा. तो बघून तुमचा गर्व आपोआप उतरेल.

आता वाट निवडा

अलेक्झांडर पद्धतीच्या जुन्या संस्थेची स्थापना ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये झाली. तिचा आणि तिच्याशी संलग्न देशोदेशींच्या संस्थांचा साधारण नियम असा: किमान तीन वर्षं, एकूण १६०० तास, त्यातले बहुतेक प्रत्यक्ष कामाचे, आणि पाच विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. म्हणजे आठवड्यातले चार-पाच दिवस, रोज तीन-चार तास. पहिलं वर्ष जवळजवळ सगळं स्वतःवर जातं. दुसऱ्यांच्या अंगाला हात लावायची घाई कोणी करू देत नाही. दुसऱ्या वर्षी हात लावायला शिकवतात आणि तिसऱ्या वर्षी देखरेखीखाली धडे द्यायला देतात. १९९२ मध्ये निघालेली अलेक्झांडर टेक्निक इंटरनॅशनल ही संस्था तास मोजण्यापेक्षा तुमचं काम बघून मान्यता देते.

घरदार, बाग, म्हातारे आईवडील सोडून सलग तीन वर्षं जाणं आपल्याकडे किती जणांना जमेल? ज्यांना जमणार नाही त्यांनी फेल्डेनक्राइस पद्धतीकडे जरूर बघावं. मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) पदार्थविज्ञानात काम करणारा आणि ज्युडोत ब्लॅक बेल्ट मिळवलेला माणूस. गुडघ्याच्या दुखण्यातून तो या वाटेला लागला. जमिनीवर पडून अगदी लहान, सावकाश हालचाली करायच्या आणि दोन बाजूंतला फरक न्याहाळायचा, असं त्याचं काम आहे. त्याचं प्रशिक्षण साधारण ८०० तासांचं, तीन-चार वर्षांत पसरलेलं, पण तुकड्यातुकड्यांनी होतं. दोन-तीन आठवडे जायचं, परत यायचं, मधल्या काळात घरी सराव. शाळामास्तर आणि बागायतदार दोघांनाही झेपण्यासारखं. अर्ध्या टप्प्यानंतर समूहाचे धडे देण्याची परवानगीही मिळू शकते.

तिसरी वाट घरची, योगाची. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून आहे. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ मध्ये उभी राहिली आणि तिथला संरेखनावरचा, म्हणजे अंग नेमक्या रेषेत ठेवण्यावरचा, कटाक्ष तुम्हाला आयुष्यभर पुरेल. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा देऊन शाळेत, पंचायतीत योगशिक्षक म्हणून काम मिळवणं सोपं जातं. पण योगशिक्षक झालात म्हणजे अलेक्झांडर शिक्षक झालात असं नाही, उलटही नाही. दोन्हींची खिचडी करून स्वतःच्या नावाची ‘पद्धत’ काढण्याचा मोह होतो. निदान दहा वर्षं तो आवरा.

शाळा निवडताना तिथे आठवडाभर जाऊन बसा. किती जण, किती शिक्षक, आणि विद्यार्थी थकलेले दिसतात की मोकळे, एवढं बघा. परदेशी जायचं असेल तर पैसे भरायच्या आधी लेखी विचारा की विद्यार्थी व्हिसासाठी लागणारी मान्यता त्या शाळेकडे आहे का. या शाळा लहान असतात, कधी कधी एखाद्याच्या घराच्या दिवाणखान्यात भरतात. शिकवणं उत्तम असतं आणि व्हिसाचा कागद मात्र देता येत नाही. माझं एक वर्ष यातच गेलं. खर्चाचा हिशेब करताना फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा आकडा मोठा येतो, आणि व्हिसाच्या अटींप्रमाणे काम करायची मुभा असते की नाही तेही आधी बघून ठेवा.

शब्द जमवा

तिकडून शिकून आल्यावर माझी सर्वांत मोठी अडचण भाषेची झाली. अलेक्झांडरच्या ‘इनहिबिशन’ (ऊर्मी आली की क्षणभर थांबणं) या शब्दाला मी ‘निरोध’ म्हणून बघितलं. पहिल्याच वर्गात दोन मुलं फिदीफिदी हसली, आणि का हसली ते मला घरी गेल्यावर कळलं. मग एका मालवणी काकींनी नातवाला ‘वायच थांब’ म्हटलेलं ऐकलं. बस. आता मी तेच म्हणते. उठायचंय? वायच थांब. फोन वाजला? वायच थांब.

परिणामाच्या मागे धावून रीत विसरणं, याला ‘उरकणं’ हा शब्द आधीच आहे. स्वतःला मनात द्यायच्या सूचनांना तिकडे ‘डायरेक्शन’ म्हणतात; त्यासाठी ‘दिशा’ हा शब्द लोकांना जड वाटतो. ‘मान सोड, डोकं वर जाऊ दे’ एवढं पुरतं. ‘सोड’ म्हणा, ‘ढिली टाक’ म्हणू नका, माणूस कोसळून बसतो. आणि ‘मान मोडून काम करतो’ ही आपल्याकडे शाबासकी आहे हे लक्षात असू द्या. तुम्ही मान न मोडता काम करायला सांगणार, तेव्हा काही लोकांना तुम्ही आळस शिकवताय असंच वाटणार.

हात लावण्याआधी

हे काम हाताचं आहे, म्हणून इथे घाई नको. प्रत्येक वेळी विचारा: ‘मानेला हात लावू?’ पहिल्या दिवशी ‘हो’ म्हणालेल्या माणसाला चौथ्या दिवशी नको असू शकतं. गावात खोली बंद करून धडा देऊ नका. पडवी, ओटी, देवळाचा सभामंडप, जिथे येणारं-जाणारं दिसेल अशी जागा बघा. एकट्या बाईला सोबत आणायची असेल तर आनंदाने आणू द्या. सोबत आलेली सासूच पुढच्या महिन्यात विद्यार्थिनी होते, असं माझ्याकडे तीनदा झालंय.

हातांनी ढकलायचं नाही, वळवायचं नाही, कडकड आवाज काढायचा नाही. तुमची स्वतःची मान आखडलेली असेल तर ते समोरच्याला तुमच्या तळहातातून कळतं. पहिलं वर्ष स्वतःवर घालवायचं कारण हेच.

आणि तुम्ही डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. पाठदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, कारणाशिवाय वजन घटणं, किंवा झाडावरून, पाखाडीवरून पडल्यानंतरचं दुखणं, यातलं काही असेल तर धडा देऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. माडावरून पडलेल्या माणसाला ‘जरा बघता काय’ म्हणून घेऊन येतात. बघू नका.

सुरुवात कधी, कुठे, कितीला

कोकणात वर्ग काढायचा तर पंचांग आधी बघा. मार्च ते मे आंबा-काजू, कोणी येणार नाही. जून-जुलै लावणी, त्याच वेळी मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरच्या घरांतून माणसं मोकळी असतात आणि दशावतारी मंडळीही घरी असतात. भाद्रपदात गणपती. वाडीवरचा वर्ग दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर सुरू करा.

पहिले विद्यार्थी भजनी बुवा, पेटीवाले आणि शिक्षक असू द्यात. आवाजावर आणि बसण्यावर पोट असलेल्या माणसाला फरक लवकर कळतो आणि तो तो चारचौघांत सांगतो. एकेकट्याचा धडा वेगळा ठेवा, सहा-आठ जणांचा गट वेगळा. फी पहिल्या दिवशी सांगा, ‘बघू नंतर’ म्हणू नका; नाहीतर नारळ, कोकम आणि कुळथाचं पीठ यावर वर्ष काढावं लागतं. वाईट नाही ते, पण लाईटबिल त्यातून भरता येत नाही.

सामान थोडं लागतं. सपाट, टणक बैठकीची लाकडी खुर्ची हवी. प्लॅस्टिकची नको, ती मध्ये खोलगट असते आणि माणूस आत ओघळतो. एक मोठा आरसा. आणि पाठ टेकायला टेबल: तुम्ही सरळ उभे राहून हात खाली सोडलेत की मुठीची हाडं जिथे येतील तेवढ्या उंचीचं. माझं मी गावच्या सुताराकडून करून घेतलं. त्याने प्रेमाने फणसाचं लाकूड वापरलं. टेबल देखणं झालंय, पण कुडाळहून वेंगुर्ल्याला न्यायचं तर टेम्पो आणि चार माणसं लागतात, म्हणून ते कुडाळलाच आहे. तुम्ही घडीचं घ्या.